धमन्या बोलत नाहीत, म्हणून दाब मोजायचा

"आता काही त्रास नाही, मग गोळी कशाला?" हे वाक्य आपल्या घराघरांत ऐकू येते. अब्बांची चक्कर थांबते, अम्मींचे डोके दुखायचे राहते आणि ब्लडप्रेशरची गोळी कपाटात पडून राहते. पण बरे वाटत असतानाही रक्तवाहिन्यांच्या आत नुकसान चालू असू शकते. ते कसे, हे समजण्यासाठी त्यांची रचना पाहू या.

रक्तवाहिन्या तीन प्रकारच्या असतात. हृदयापासून रक्त दूर नेते ती धमनी, उर्दूत शिरयान. हृदयाकडे रक्त परत आणते ती शीर, उर्दूत वरीद. या दोहोंना जोडणारी बारीक नळी म्हणजे केशवाहिनी.

हृदय दर मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त ढकलते. हा जोर धमनीला सोसावा लागतो. म्हणून तिच्या भिंतीचा मधला थर जाड, स्नायूंचा आणि लवचीक धाग्यांचा असतो. प्रत्येक ठोक्याला ती फुगते आणि पुन्हा आवळते. मनगटावर नाडी लागते ती यामुळेच.

शिरेत दाब कमी असतो, म्हणून तिची भिंत पातळ असते. मात्र पायातले रक्त वर चढवायचे असते. त्यासाठी शिरांच्या आत झडपा असतात. त्या रक्ताला वर जाऊ देतात, खाली उतरू देत नाहीत. चालताना पोटरीचे स्नायू शिरा दाबतात आणि रक्त पुढे सरकते. ओट्यापाशी किंवा वर्गात तासन्‌तास उभे राहणाऱ्यांच्या पायांतील झडपा सैल पडू शकतात आणि निळ्या शिरा फुगून दिसू लागतात. अशांनी मधून मधून चालावे, बसताना पाय उंच ठेवावेत.

केशवाहिनीची भिंत पेशींच्या एकाच थराची असते. ती इतकी अरुंद की तांबड्या पेशी एकामागून एक रांगेने जातात. प्राणवायू आणि अन्नरस शरीराला मिळतात ते इथे. धमनी आणि शीर हे रस्ते; देवाणघेवाण होते ती केशवाहिनीत.

अशा सूक्ष्म वाटांचा अंदाज सूक्ष्मदर्शक येण्याच्या कितीतरी आधी एका हकीमांनी बांधला होता. हृदयाच्या मधल्या पडद्यातील अदृश्य छिद्रांतून रक्त उजवीकडून डावीकडे जाते, असे ग्रीक वैद्य गॅलेन यांचे मत शतकानुशतके मानले जात होते. दमास्कसमध्ये शिकलेल्या आणि पुढे कैरोत नावारूपाला आलेल्या इब्न अल-नफीस यांनी १२४२ मध्ये, इब्न सीना यांच्या 'अल-कानून'मधील शरीररचनेवर भाष्य लिहिताना, ते खोडून काढले. पडदा घट्ट आहे, रक्त फुप्फुसांतून फिरून डावीकडे येते आणि तिथल्या वाहिन्यांना जोडणाऱ्या बारीक वाटा आहेत, असे त्यांनी मांडले. १६६१ मध्ये इटलीच्या माल्पिघी यांनी बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहिल्या.

आता त्या गोळीकडे वळू. दाब कायम जास्त राहिला की धमनीची भिंत जाड आणि ताठ होते. आतल्या अस्तराला इजा होते, तिथे चरबी साचू लागते. मेंदू, डोळे आणि मूत्रपिंडे यांतील नाजूक वाहिन्यांवर ताण येतो. हे होत असताना बहुधा काहीच दुखत नाही. पुष्कळदा पहिली खूण म्हणजे पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका.

म्हणून बरे वाटण्यावर विसंबू नये, दाब मोजून पाहावा. दवाखान्यात तो वारंवार १४०/९० किंवा त्याहून जास्त भरला, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. गोळीने दाब ताब्यात आला, याचा अर्थ गोळी काम करते आहे. ती मनाने बंद करू नये. पापड, लोणचे, खारी सुकी मासळी बेताने खावी. तंबाखू आणि मिसरी सोडावी. रमजानच्या आधीच डॉक्टरांना भेटून गोळ्यांच्या वेळा सहरी आणि इफ्तारप्रमाणे ठरवून घ्याव्यात.

घरातल्या चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा दाब या महिन्यात एकदा मोजून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रातही तो मोजून मिळतो.