शेवग्याचे आकडे आणि पटींचा घोळ

संत्र्याच्या सातपट क जीवनसत्त्व, गाजराच्या दहापट अ जीवनसत्त्व, दुधाच्या सतरापट कॅल्शियम, केळ्याच्या पंधरापट पोटॅशियम, पालकाच्या पंचवीसपट लोह. शेवग्याच्या पाल्याची पूड विकणाऱ्या पाकिटांवर, आरोग्य मेळाव्यांतल्या फलकांवर आणि घरोघरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर ही यादी वर्षानुवर्षे फिरते आहे. डॉक्टर, शिक्षक, शेतकरी मार्गदर्शन करणारे वक्ते, सगळेच ती पुढे ढकलतात. शेवगा हे गुणी झाड आहे, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो या पटींबद्दल. यातला प्रत्येक आकडा कुठल्या ना कुठल्या कोष्टकातून आलेला आहे, आणि तरीही ही यादी एकत्र वाचली की खोटी ठरते.

ती आली कुठून, ते आधी पाहू. १९९० च्या दशकात लोवेल फ्युगली हे चर्च वर्ल्ड सर्व्हिस या संस्थेतर्फे सेनेगलमध्ये काम करत होते. दूध, फळे, भाज्या ज्यांच्या आवाक्यात नाहीत अशा माता आणि कुपोषित मुलांना अंगणातल्या शेवग्याचा पाला खाऊ घालावा, असा त्यांचा प्रयत्न होता. १९९९ मध्ये त्यांचे शेवग्यावरचे पुस्तक आले आणि त्यातल्या तुलना जगभर पसरल्या. मात्र या तुलनेत ताज्या पाल्याचे आकडे वेगळे होते आणि वाळवलेल्या पुडीचे वेगळे. यादी फिरत राहिली तसा दोहोंतला फरक गळून पडला आणि जिथे जो आकडा मोठा, तो एकाच ओळीत येऊन बसला.

संत्र्याची गोष्ट घ्या. ताज्या पाल्यात दर १०० ग्रॅममागे २२० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या कोष्टकांत नोंदलेले आहे. संत्र्याला त्याच कोष्टकांनी ३० मिलिग्रॅम दिले. भागाकार केला की सातपट येते. म्हणजे सातपट आहे ती ताज्या पाल्याची. पाला वाळवला की क जीवनसत्त्व हवेने, उजेडाने आणि उष्णतेने झपाट्याने नष्ट होते. फ्युगलींच्याच कोष्टकात पुडीतले क जीवनसत्त्व १७.३ मिलिग्रॅम आहे. संत्र्याच्या सातपट तर दूरच, हे संत्र्याच्या जेमतेम निम्मे झाले. तरीही पुडीच्या पाकिटावर सातपट छापले जाते. हा निष्काळजीपणा आता थांबायला हवा.

कॅल्शियम आणि लोहाचा प्रकार उलटा आहे. खनिजे वाळवल्याने उडून जात नाहीत. पाणी जाते आणि खनिजे तेवढ्याच वजनात दाटून बसतात. ताज्या पाल्यात साधारण तीन चतुर्थांश पाणी असते, म्हणजे चार किलो पाल्यातून किलोभर पूड निघते. साहजिकच पुडीतला प्रत्येक खनिजाचा आकडा ताज्या पाल्याच्या चौपटीच्या आसपास जातो. यात शेवग्याचा काही चमत्कार नाही. मेथी वाळवली किंवा कोथिंबीर वाळवली, तरी हेच होईल.

आता ही कोरडी पूड ओल्या पालकाशेजारी ठेवली जाते. पुडीत २८.२ मिलिग्रॅम लोह, जुन्या कोष्टकांतल्या ताज्या पालकात एक मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणून पंचवीसपट. अमेरिकी कृषी खात्याच्या कोष्टकात ताज्या पालकात २.७ मिलिग्रॅम लोह आहे आणि ९१ टक्क्यांहून अधिक पाणी. हाच पालक पूर्ण वाळवला, तर १०० ग्रॅम कोरड्या पालकात सुमारे ३१ मिलिग्रॅम लोह भरेल. कोरड्याची कोरड्याशी तुलना केली की पंचवीसपट लोहाची शेखी तिथेच संपते. दुधाचेही तसेच. पुडीत २,००३ मिलिग्रॅम कॅल्शियम, दुधात १२०, म्हणून सतरापट. पण दुधात ८७ टक्के पाणी आहे. साय काढलेल्या दुधाच्या पावडरीत १,२५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. सतरापटीची दीडपट-पावणेदोनपट झाली. शिवाय पाल्यातले काही कॅल्शियम ऑक्झलेटच्या स्फटिकांत अडकलेले असते आणि ते शरीराला मिळत नाही.

केळ्याच्या बाबतीत तर तुलनेचा पायाच कच्चा आहे. यादीत केळ्याला १०० ग्रॅममागे ८८ मिलिग्रॅम पोटॅशियम दिलेले आहे. अमेरिकी कोष्टकात केळ्यात ३५८ मिलिग्रॅम आहे आणि शेवग्याच्या ताज्या पाल्यात ३३७. दोन्ही जवळजवळ बरोबरीचे.

या सगळ्या पटी १०० ग्रॅमच्या आहेत, हेही कुणी सांगत नाही. १०० ग्रॅम पूड दिवसाला कोण खातो? चमचाभर, म्हणजे फार तर पाच ग्रॅम घेतली जाते. तेवढ्यात १०० मिलिग्रॅम कॅल्शियम, १.४ मिलिग्रॅम लोह आणि एक मिलिग्रॅमहून कमी क जीवनसत्त्व येते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह आणि १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. अ‍ॅनिमिया झालेल्या बाईला लोहाच्या गोळ्या बंद करून ही पूड घ्यायला सांगणे म्हणजे तिच्या तब्येतीशी खेळणे आहे. रक्त कमी असेल तर गोळी चालूच ठेवायची, पाला तिच्या जोडीला खायचा.

इथे एक शंका येणारच: मग खरा आकडा कोणता? पाल्यातल्या क जीवनसत्त्वाला जुन्या भारतीय कोष्टकांत २२० मिलिग्रॅम आहेत. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये नव्याने केलेल्या मोजणीत ते जवळपास निम्म्यावर आले आणि अमेरिकी कोष्टकात ते ५१.७ आहे. यातले कुणी खोटे बोलत नाही. झाडाचे वाण, जमीन, हंगाम, पान कोवळे की जून आणि तोडल्यापासून मोजेपर्यंत गेलेले तास, या सगळ्यांनी आकडा बदलतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे कोकण रुचिरा आणि तमिळनाडूतल्या पेरियाकुलमचे पीकेएम-१ ही दोन वेगळी वाणे आहेत. त्यांच्या पाल्याला एकच आकडा चिकटवता येत नाही.

आणि पाला म्हणजे काही सगळे झाड नव्हे. अमेरिकी कोष्टकातच शेंगेत क जीवनसत्त्व १४१ मिलिग्रॅम आहे, म्हणजे पाल्याच्या पावणेतीनपट, तर कॅल्शियम ३० मिलिग्रॅम, पाल्याच्या सहाव्या हिश्श्याइतके. बियांत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त तेल असते आणि त्यातले बहुतांश ओलिक आम्ल असते. मुळांत उग्र वासाची गंधकयुक्त संयुगे असतात. पाल्याचे गुण सांगून बियांच्या गोळ्या विकणे किंवा मुळाच्या काढ्याची भलामण करणे ही शुद्ध दिशाभूल आहे.

जीवनसत्त्वांपलीकडे ज्यांना गुणकारी संयुगे म्हणतात, ती मोजताना तर आणखी सावध राहावे लागते. पाकिटावर ‘अँटिऑक्सिडंटने भरपूर’ असे लिहिलेले असते. प्रयोगशाळेत ते कसे ठरते? पाला सावलीत वाळवतात, दळून चाळतात, मिथेनॉलमध्ये भिजवून गाळतात. डीपीपीएच नावाच्या रसायनाचे द्रावण गर्द जांभळे असते. त्यात अर्क घालून काचेची छोटी नळी अर्धा तास अंधारात ठेवतात. अर्कात दम असेल तर जांभळा रंग उतरून पिवळट होतो. मग ५१७ नॅनोमीटरच्या प्रकाशात रंग किती उतरला ते यंत्रावर वाचतात. ही चाचणी चांगली आहे, पण ती नळीतल्या रसायनाबद्दल बोलते, माणसाच्या रक्ताबद्दल नाही. पाण्याऐवजी मिथेनॉल वापरले की आकडा बदलतो, आणि मिथेनॉल तर विष आहे. घरी कुणी पाला मिथेनॉलमध्ये शिजवत नाही.

एकूण फिनॉल मोजण्याची फोलिन-सिओकाल्टू चाचणीही अशीच आहे. पिवळे रसायन निळे होते आणि निळेपणावरून फिनॉल ठरवतात. पण क जीवनसत्त्व, काही शर्करा आणि प्रथिनांचे घटकही ते निळे करतात. नेमके कोणते संयुग किती, हे एचपीएलसी यंत्राने एकेक वेगळे करून मोजल्यावरच कळते. शेवग्याच्या पाल्यात क्वेर्सेटिन, केंफेरॉल आणि क्लोरोजेनिक आम्ल आढळते, हे अशाच मोजणीतून समजले. अमेरिकी कृषी खात्याने एकेकाळी पदार्थांच्या ‘ओरॅक’ या अँटिऑक्सिडंट आकड्यांचे मोठे कोष्टक प्रसिद्ध केले होते. २०१२ मध्ये खात्याने ते स्वतःच काढून टाकले. हे आकडे मानवी आरोग्यावरचा परिणाम दाखवत नाहीत आणि विक्रेते त्यांचा गैरवापर करतात, हे त्यामागचे कारण होते. तरी आजही तसले आकडे जाहिरातीत दिसतात.

उरलेले गैरसमज थोडक्यात.

शेवगा ३०० रोग बरे करतो असे आयुर्वेद सांगतो: चरक आणि सुश्रुत संहितांत शिग्रूचे, म्हणजे शेवग्याचे, उल्लेख आहेत, पण ३०० चा आकडा सांगणारा माणूस ग्रंथातली जागा कधी दाखवत नाही. ती विचारावी.

शेवग्याने मधुमेह जातो: माणसांवरचे अभ्यास थोडे आणि छोटे आहेत. मधुमेहाची औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

बियांच्या भुकटीने पाणी शुद्ध होते: बियांतल्या प्रथिनांमुळे गढूळपणा तळाशी बसतो आणि जंतू कमी होतात, पण सगळे मरत नाहीत. पाणी उकळावेच लागते.

झाडाचा प्रत्येक भाग निर्धोक आहे: पाला, फुले, शेंगा पिढ्यान् पिढ्या खाल्ल्या जातात. मूळ आणि सालीचे तसे नाही. मुळांच्या अर्काने प्राण्यांत गर्भधारणेला अडथळा आल्याच्या नोंदी आहेत. गरोदर बायकांनी मूळ आणि साल टाळावी.

पाला शिजवला की सगळे वाया जाते: क जीवनसत्त्व बरेच घटते, कॅल्शियम आणि लोह राहते. शिजवलेले पाणी मात्र फेकू नये.

सिंधुदुर्गात गोकुळाष्टमीला शेगलाची, म्हणजे शेवग्याच्या पाल्याची, भाजी घरोघरी होते. एका माणसाच्या वाट्याला ५० ग्रॅम कच्चा पाला आला, तरी २०१७ च्या भारतीय कोष्टकांप्रमाणे त्यात सुमारे १५७ मिलिग्रॅम कॅल्शियम आणि दोन मिलिग्रॅमहून थोडे जास्त लोह असते. चमचाभर पुडीपेक्षा हे जास्त आहे, आणि परसातल्या झाडावरून ते फुकट मिळते.

तेव्हा पूड विकत घ्यायचीच असेल, तर दुकानदाराला चार गोष्टी विचारा: हा आकडा झाडाच्या कोणत्या भागाचा, ताज्याचा की वाळवलेल्याचा, किती ग्रॅमचा आणि कोणत्या प्रयोगशाळेने कोणत्या पद्धतीने काढलेला? उत्तर मिळाले नाही, तर पाकीट परत ठेवा आणि बाजारातून पाल्याची जुडी घेऊन घरी या.