बोनेटचे गॅस स्ट्रट : स्वस्त घ्यायचे की चांगले? पैसे भरण्याआधी एवढं तपासा



तुम्हीही ती रील पाहिली असेल. गाडीच्या आतली कडी ओढली की बोनेट हळूच वर उचललं जातं आणि हवेत स्थिर उभं राहतं. दांडी लावायची गरज नाही, एकदम महागड्या गाडीसारखं! खाली लिंक असते, 'फक्त ८५० रुपयांत, १५ मिनिटांत फिटिंग'. आपण क्लिक करतो.

मीही केलं होतं. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या महागावचा. मामांकडे एक सेकंडहँड एसयूव्ही आहे. शेतातली कामं, पुसदचा बाजार, लग्नकार्य, सगळं तिच्यावरच. मे महिन्यात मी ऑनलाइन स्ट्रटची जोडी मागवली आणि स्वतःच बसवली. वर शहाणपणा म्हणून बोनेटची मूळ लोखंडी दांडी काढून टाकली. म्हटलं, आता हिचं काय काम?

डिसेंबरमध्ये, ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत, मामा सकाळी सहाला कूलंट बघायला गेले. बोनेट उघडलं, ते वर उभं राहिलं, मामांनी हात आत घातला आणि बोनेट खाली आलं. दोन बोटं चेंगरली, एक नख गेलं. तीन आठवडे हाताला पट्टी होती. "पोरा, हात काढाले बी वेळ नाही भेटला," एवढंच ते म्हणाले. मला रागावले असते तर बरं वाटलं असतं.

गंमत म्हणजे आदल्या संध्याकाळी तेच बोनेट मी स्वतः उघडलं होतं आणि ते व्यवस्थित उभं होतं. मग एका रात्रीत काय झालं? याचं उत्तर शोधताना मला जे समजलं, तेच आज सोप्या भाषेत सांगतो.

गॅस स्ट्रट म्हणजे नेमकं काय?

गॅरेजवाले याला सरळ 'शॉकअप' म्हणतात. बहुतेक हॅचबॅक गाड्यांची मागची डिक्की ज्या दोन काळ्या नळकांड्यांवर उभी राहते, तेच हे. आत तीन गोष्टी असतात : दाबाने भरलेला नायट्रोजन वायू, थोडंसं तेल आणि छिद्रं असलेला पिस्टन. पिस्टनला जोडलेली गुळगुळीत दांडी एका सीलमधून बाहेर येते.

पिस्टनला छिद्रं असल्यामुळे वायूचा दाब त्याच्या दोन्ही बाजूंना सारखाच असतो. पण एका बाजूला दांडीने जागा अडवलेली असते, म्हणून त्या बाजूने वायूला ढकलायला कमी क्षेत्रफळ मिळतं. या फरकामुळे दांडी बाहेर ढकलली जाते. तेलाचं काम दोन प्रकारचं : शेवटच्या टप्प्यात वेग कमी करणं आणि सील ओलं ठेवणं.

दाब किती असतो? समजा दांडी ६ मिमी जाडीची आहे आणि स्ट्रट २०० न्यूटन जोर देतो. हिशोब केला तर आतला दाब साधारण ७० बार निघतो. गाडीच्या टायरमध्ये सव्वादोन बारच्या आसपास हवा असते. म्हणजे टायरच्या तीसपट दाब, आणि तो अडवून धरणारं एक छोटंसं रबरी सील! स्वस्त आणि चांगल्या स्ट्रटमधला खरा फरक इथेच आहे.

संध्याकाळी धरतो, सकाळी सोडतो

बंद नळीतला वायू तापला की दाब वाढतो, गार झाला की कमी होतो. स्ट्रटवर छापलेला जोर साधारणपणे २० अंश सेल्सिअसला मोजलेला असतो. २०० न्यूटनच्या स्ट्रटचं काय होतं बघा :

- डिसेंबरची सकाळ, १० अंश : सुमारे १९३ न्यूटन
- छापलेला आकडा, २० अंश : २०० न्यूटन
- मे महिन्याची दुपार, ४५ अंश : सुमारे २१७ न्यूटन
- गरम इंजिनाजवळ, ८० अंश : सुमारे २४१ न्यूटन

आता आमच्या गाडीचं कोडं सुटतं. सहा महिन्यांत सीलमधून थोडा थोडा वायू निघून गेला होता. संध्याकाळी मी पुसदहून गाडी चालवत आलो, इंजिन तापलेलं, त्यामुळे उरलेला वायूही बोनेट पेलत होता. रात्रभर थंडीत गाडी उभी राहिली, दाब आणखी घटला आणि सकाळी तो वजनापुढे हरला. वर मूळ दांडीही नव्हती.

म्हणून पहिला धडा : स्ट्रटची परीक्षा नेहमी थंड इंजिनावर, सकाळी घ्या. गरम गाडीवर तो पास झाला याला काही अर्थ नाही.

स्वस्त आणि चांगल्यात फरक कुठे असतो?

बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, काळे आणि चकचकीत. फोटोवरून तर काहीच कळत नाही. फरक या गोष्टींत असतो :

१. दांडीचा पृष्ठभाग. चांगल्या स्ट्रटच्या दांडीवर कडक क्रोमचा थर असतो किंवा नायट्रायडिंगची प्रक्रिया केलेली असते. स्वस्त दांडीवर थर पातळ असला की पावसाळ्यात गंजाचे बारीक ठिपके येतात. प्रत्येक वेळी बोनेट उघडताना-मिटताना ते ठिपके सीलवर कानसासारखे घासतात. सील गेलं की वायू गेला.

२. सील. इंजिनाची उष्णता आणि आपल्याकडची काळ्या मातीची बारीक धूळ, दोन्ही याला सोसायचं असतं.

३. छापील माहिती. चांगल्या स्ट्रटच्या नळीवर पार्ट नंबर, न्यूटनमधला जोर आणि निर्मात्याचं नाव असतं. जर्मनीतल्या कोब्लेन्झ शहरातली स्टॅबिलस ही या क्षेत्रातली जुनी कंपनी. तिच्या स्ट्रटवर हे सगळं छापलेलं सापडतं. माझ्या ८५० रुपयांच्या जोडीवर फक्त एक स्टिकर होता : 'युनिव्हर्सल'.

४. ब्रॅकेट. चांगल्या किटमध्ये त्या मॉडेलच्या आधीच असलेल्या बोल्टवर बसणारे ब्रॅकेट येतात. स्वस्त किटमध्ये पत्र्याला भोक पाडायला सांगतात. भोक पाडलं की रंग उडतो आणि तिथून गंज सुरू होतो.

मात्र 'महाग म्हणजे चांगलं' असंही समजू नका. नाव आणि नंबर छापलेला, तुमच्याच मॉडेलचा स्ट्रट स्थानिक स्पेअर पार्टच्या दुकानात कमी किमतीत मिळू शकतो. आणि भारी पॅकिंगमधल्या महागड्या किटवरही न्यूटनचा आकडा नसू शकतो. किमतीचं लेबल नंतर, आधी नळीवरची छपाई वाचा.

किती न्यूटनचा घ्यायचा? फोन काढा

'जास्त जोराचा घेतला म्हणजे काम झालं' हीसुद्धा चूक आहे. जोर जास्त झाला तर बोनेट बंद करताना दाबून बसवावं लागतं, पत्रा वाकतो, बिजागरीवर ताण येतो. मे महिन्यात आमचं बोनेट असंच झटक्यात उडायचं आणि मला ते भारी वाटायचं!

तुमच्या मॉडेलचं तयार किट असेल तर निर्मात्याने हा हिशोब केलेला असतो. तरी आकडा पटतो का, हे घरीच तपासता येतं :

पायरी १ : कापूस मोजायचा ताणकाटा घ्या. जुने स्ट्रट असतील तर आधी काढा. बोनेटच्या पुढच्या कडेला काटा अडकवून ते किंचित वर उचला. समजा काटा ८ किलो दाखवतो आणि बिजागरीपासून पुढची कड १ मीटर आहे. ८ × ९.८ × १ = सुमारे ७८ न्यूटन-मीटर.

पायरी २ : बोनेट पूर्ण उघडून दांडीवर टेकवा. फोनमधलं लेव्हल ॲप सुरू करून फोन बोनेटवर ठेवा. समजा कोन ५० अंश आला. कॅल्क्युलेटरमध्ये कॉस ५० म्हणजे ०.६४. ७८ × ०.६४ = सुमारे ५० न्यूटन-मीटर.

पायरी ३ : बाजूने सरळ फोटो काढा, फोटोत एक मोजपट्टी धरा. स्ट्रट जिथून जिथे जाणार त्या दोन बिंदूंमधून फोटोवरच रेघ ओढा. त्या रेघेचं बिजागरीपासूनचं काटकोनातलं अंतर मोजा. समजा १५ सेंटिमीटर आलं. ५० ÷ ०.१५ = सुमारे ३३३ न्यूटन. दोन स्ट्रटमध्ये वाटले तर प्रत्येकी १६७.

पायरी ४ : थंडी आणि हळूहळू होणारी गळती धरून २० टक्के वाढवा. प्रत्येकी २०० न्यूटन.

हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गाडीचे तुम्ही मोजा. पण विक्रेत्याला "किती न्यूटनचा आहे?" एवढा एक प्रश्न विचारून बघा. उत्तर आलं नाही तर पुढे जायचं कारणच नाही.

ऑनलाइन घेताना

- दोन दिवसांत लिहिलेले 'मस्त प्रॉडक्ट, पाच स्टार' रिव्ह्यू सोडून द्या. सील जायला महिने लागतात. सहा महिन्यांनी लिहिलेले, त्यातही फोटोसह असलेले रिव्ह्यू शोधा.
- मॉडेलसोबत वर्षही जुळवा. नवीन रूपात आलेल्या गाडीचं बोनेट वेगळं असू शकतं.
- पूर्ण उघडलेली लांबी, दांडीची जाडी आणि टोकाच्या गोळीचा आकार दिलेला आहे का बघा.
- पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा. नळीवरची छपाई त्यात स्पष्ट दिसू द्या.
- नेहमी जोडीनेच बदला. एक नवा, एक जुना असला की बोनेट किंवा डिक्की पिळते.

बसवताना आणि नंतर

बोनेट आधी दांडीवर किंवा मजबूत लाकडावर टेकवा, मगच एकेक स्ट्रट काढा. बोनेट मिटल्यावर बारीक दांडीची बाजू खाली राहील असा स्ट्रट बसवा, म्हणजे तेल सीलपाशी राहतं. दांडी पक्कडीने धरू नका, एक ओरखडाही पुरे होतो. गाडी धुताना जोराचा फवारा थेट सीलवर मारू नका.

महिन्यातून एकदा सकाळी, दांडी हाताशी ठेवून, बोनेट वरून थोडं खाली दाबून सोडा. ते परत वर गेलं पाहिजे. शंका असेल तर फोन स्टँडवर लावून दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा. डोळ्याला न दिसणारी घसरण व्हिडिओ पळवत पाहिला की लगेच दिसते. दांडीवर तेलाचा ओघळ दिसला तर वाट बघू नका, बदला.

जुना स्ट्रट कधीही कापू नका, भोक पाडू नका, आगीत टाकू नका. टायरच्या तीसपट दाब लक्षात आहे ना? भंगारवाल्याला देताना आत दाब आहे हे सांगूनच द्या.

मग घ्यायचा कोणता?

माझं सरळ मत :

- गाडीला कंपनीची दांडी असेल आणि बजेट कमी असेल : काहीच घेऊ नका. लोखंडी दांडीला सील नाही, वायू नाही, थंडी-उन्हाचा फरक नाही. सुरक्षित आणि फुकट.
- गाडीला कंपनीचेच स्ट्रट होते आणि ते गेले असतील (डिक्कीसुद्धा यात आली) : जुन्या नळीवरच्या नंबरचा फोटो काढा आणि त्याच जोराचा, नाव छापलेला स्ट्रट घ्या. इथे स्वस्तातला प्रयोग नको.
- हौस म्हणून बसवायचे असतील : मॉडेलप्रमाणे बनलेला, न्यूटन छापलेला, भोक न पाडता बसणारा घ्या. आणि मूळ दांडी गाडीतच राहू द्या.

मामांच्या अपघातानंतर गाडी घेऊन मी महामार्गालगतच्या गॅरेजवर गेलो. मेकॅनिक काकांनी बोनेट उघडलं, इकडे तिकडे पाहिलं आणि पहिला प्रश्न स्ट्रटचा नाही, दांडीचा विचारला. "काऊन भाऊ, दांडी कुठं गेली? तुले कोणी सांगतलं काढाले?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नशिबाने दांडी घराच्या माळ्यावर सापडली. नंतर मी २६०० रुपयांची, जोर छापलेली जोडी आणली आणि ती चांगली चालते आहे. पण मामा आता बोनेट उघडलं की आधी दांडी लावतात, मग हात आत घालतात. मीही तसंच करतो. तुमच्या घरी कोणी स्ट्रट लावून दांडी काढून टाकली असेल, तर हा लेख त्यांना आजच पाठवा आणि दांडी आधी परत लावायला सांगा.