कब्रस्तानासाठी रोपं: बी पेरण्याआधी एवढं करा

कब्रस्तानात झाडं लावणं सदका-ए-जारिया आहेच, पण बी नीट हाताळलं नाही तर मेहनत वाया जाते. गेल्या वर्षी आम्ही बहाव्याचं बी तसंच पेरलं, मोजकंच उगवलं. त्याचं कवच फार टणक. पाणी उकळून आचेवरून उतरवावं, त्यात बी टाकून रात्रभर थंड होऊ द्यावं. फुगलेलंच पेरावं. चिंचोक्याला रात्रभर साधं पाणी पुरतं. कडुनिंबाचं बी मात्र साठवू नका. गर धुऊन, सावलीत सुकवून लगेच पेरा, जुनं झालं की उगवत नाही.

पाणी बारीक झारीनेच घाला. माती ओली हवी, चिखल नको. पाणी साचलं तर कोवळी रोपं मातीलगत कुजून आडवी पडतात. पिशवीला खाली भोकं पाडायला विसरू नका.