पोरांचं दोंडाईचा

सुरत–भुसावळ लोहमार्गावरचं दोंडाईचा व्यापाऱ्यांना माहीत आहे ते मिरचीच्या बाजारपेठेमुळे. धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातल्या या गावातल्या पोरांचा नकाशा वेगळा असतो. त्यांच्या खेळाची जागा ऋतूबरोबर सरकत राहते.

वैशाखात आखाजी येते. खानदेशात अक्षय्य तृतीयेचा मान दिवाळीइतका. लेकी माहेरी येतात, निंबाच्या जाड फांदीला दोर पडतात आणि अहिराणी गाण्यांच्या तालावर झोके चढत जातात. शाळेला सुट्टी असतेच. धाकट्यांना पाळीसाठी थांबावं लागतं; तेवढ्या वेळात गाणी आपोआप पाठ होतात.

पोळ्याला खेळ मातीकडे वळतो. ज्यांच्या दारात बैल नाही, त्यांच्या घरी मातीची जोडी पुजली जाते. एखाद्या बैलाचं शिंग मोडतं, पुन्हा चिकटवलं जातं.

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत संध्याकाळ भुलाबाईची. भुलाबाई म्हणजे पार्वती, भुलोजी म्हणजे शंकर. टिपऱ्या आणि गाणी झाली की झाकलेला डबा बाहेर येतो. तो कानाशी हलवायचा, ‘गोड की तिखट?’ विचारायचं आणि आतला खाऊ ओळखायचा. चार वर्षांच्या पोरीलाही यात मोठ्या बहिणीइतकीच संधी असते.

मुलांच्या खेळाचं अंगण बालशिक्षणाच्या इतिहासातही भेटतं. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डी या गावी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. 1957 पासून कोसबाडला अनुताई वाघांच्या साथीने हे काम वाढलं. शिंपले, बिया, गोटे, पानं हीच तिथली शैक्षणिक साधनं. बोर्डीच्या कामाआधी दोनच वर्षं, 1943 मध्ये, कोपनहेगनजवळ एमड्रूपला सोरेनसेन या उद्यानरचनाकाराच्या कल्पनेतून मुलांसाठी भंगाराचं मैदान उघडलं. त्याने आखलेल्या देखण्या क्रीडांगणांपेक्षा मुलं मोडक्यातोडक्या वस्तूंतच जास्त रमतात, हे त्याच्या लक्षात आलं होतं.

2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि पुढे अंगणवाडी देशभर पोहोचली. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना पोषण आहाराबरोबर खेळातून शिक्षण देणं हे तिचं काम.

दोंडाईचासारख्या वाढत्या गावात अंगणावर फरशी येते, निंब रस्तारुंदीत जातो. जळगावात केशवस्मृती प्रतिष्ठानच्या भुलाबाई महोत्सवात मुलींचे गट आता रंगमंचावर गाणी सादर करतात. गाणी त्यामुळे टिकतात. खाऊचा डबा हलवायला मात्र गल्लीच लागते, आणि झोक्याला फांदी. नव्या वसाहतींच्या आराखड्यात बागेसाठी जागा सोडताना उभं झाड आणि थोडी उघडी माती राखली, तर आखाजी आणि पोळा दोन्ही तिथे मावतील.