कर्ज उचललं कुणी, नोटीस आली कुणाला?



उसाची नोंद करायला आपण गट ऑफिसात जातो तेव्हा सातबारा, आधारकार्ड, पासबुक यांच्या झेरॉक्स आणि दोन फोटो देतो. बोट ठेवतील तिथं सही करतो. कागद वाचण्याची सवय आपल्याला कमीच. पण याच कागदांवर दुसराच कुणी आपल्या नावाने बँकेत उभा राहू शकतो.

परभणी जिल्ह्यातील गंगाखेडचे प्रकरण पुष्कळांनी ऐकले असेल. गंगाखेड शुगर अँड एनर्जी हा खाजगी कारखाना. शेतकऱ्यांची कागदपत्रे वापरून, त्यांना न कळवता, त्यांच्या नावावर अनेक बँकांतून कर्जे उचलल्याचा आरोप तेथील व्यवस्थापनावर झाला. आकडा ३२८ कोटींचा! उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशावरून २०१७ मध्ये गुन्हा नोंदला गेला. २०२० मध्ये ईडीने सुमारे २५५ कोटींच्या मालमत्तेवर टाच आणली. शेतकऱ्यांना मात्र हे कळले ते बँकेच्या नोटिसा दारात आल्यावर. "मी तं बँकेची पायरीबी चढलो नाही जी," असे म्हणून तेव्हा भागत नाही.

नोटीस ही शेवटची खूण. आधीच्या खुणा बारीक असतात.

पहिली आपल्या सातबाऱ्यावरच सापडते. आपण क्षेत्र आणि पीक पाहतो नि कागद घडी करून ठेवतो. ‘इतर हक्क’ हा रकाना मात्र कुणी वाचत नाही. जमीन गहाण ठेवून कर्ज काढले असेल तर बोजा तिथे दिसतो. ओळखीचा नसलेल्या बँकेचा बोजा दिसला की त्याच दिवशी तलाठ्याकडे जावे. पण बोजा न चढवताही कर्ज निघू शकते, म्हणून क्रेडिट रिपोर्टही पाहावा. सिबिलसारख्या चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. घरच्या शिकलेल्या पोराला किंवा सुनेला काढायला सांगा. न घेतलेले कर्ज तिथे नावासकट दिसते. खरिपाच्या तोंडावर सोसायटीने ‘तुम्ही थकबाकीदार आहात’ म्हणून परत पाठवल्यावर कळण्यापेक्षा हे बरे.

दुसरी खूण मोबाईलवर. गावात सगळ्यांना रेंज आहे आणि आपलाच फोन दिवसभर मुका, तर आपल्या नंबरचे दुसरे सिम कुणी काढले नाही ना, हे आधी कंपनीकडे विचारा. न मागता ओटीपी येणे, शे-दोनशे रुपये कटल्याचा मेसेज येणे, यांकडे ‘असेल काही’ म्हणून दुर्लक्ष होते. चोर आधी थोडे काढून पाहतो. अंगठ्याची नक्कल करून आधारवरून पैसे काढल्याचे गुन्हेही देशात घडले आहेत. आधारचा अंगठा कुलूपबंद करण्याची सोय फुकट आहे आणि लागेल तेव्हा तो उघडता येतो.

झेरॉक्स देताना तिच्यावर आडवे लिहा: ‘फक्त ऊस नोंदीसाठी’, तारीख आणि सही. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका, मग तो आपल्या कारखान्याचा का असेना! लिपिकाला राग आला तर येऊ द्या.

पैसे गेलेच तर १९३० या नंबरवर ताबडतोब फोन करा आणि बँकेलाही कळवा. खोट्या कर्जाबद्दल बँकेला लेखी तक्रार द्या, पोलिसांतही द्या, आणि दोन्हीकडून पोच घ्या.