नदीपलीकडचा दवाखाना

थायलंड आणि म्यानमार यांच्या सीमेवर मोई नावाची नदी आहे. उन्हाळ्यात तिचे पाणी इतके उतरते की काही ठिकाणी ती पायी ओलांडता येते. अलीकडच्या काठावर थायलंडमधले माए सोत, पलीकडे म्यानमारमधले म्यावडी. पुलावरून जायचे तर कागदपत्रे दाखवावी लागतात. ज्यांच्याकडे ती नाहीत, ते होडीतून किंवा पाण्यातून येतात. बहुतेकांना काम हवे असते. कपड्यांच्या कारखान्यांत, मक्याच्या नाहीतर उसाच्या शेतात ते मिळते. पण कित्येक जण केवळ डॉक्टर गाठण्यासाठी नदी ओलांडतात.

त्यांच्यासाठी माए सोतमध्ये 1989 साली एक दवाखाना सुरू झाला. त्याच्या आदल्या वर्षी म्यानमारमधील लोकशाही आंदोलन लष्कराने चिरडले. तेव्हा सीमा ओलांडून आलेल्या डॉ. सिंथिया माउंग या करेन समाजातील तरुण डॉक्टरने एका मोडक्या घरात रुग्ण तपासायला सुरुवात केली. उपकरणे निर्जंतुक करायला भात शिजवण्याचा कुकर वापरावा लागत होता. तोच आजचा ‘माए ताओ क्लिनिक’. येथे प्रसूती होतात, लसीकरण होते, भूसुरुंगात पाय गमावलेल्यांना कृत्रिम पाय बसवले जातात. डॉ. माउंग यांना 2002 साली सामुदायिक नेतृत्वासाठी मॅगसेसे पुरस्कार मिळाला. याच कार्याचा हा सन्मान 1979 साली जामखेडच्या डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांना मिळाला होता. दोन्हीकडची रीतही सारखी आहे: डॉक्टर कमी असतील तर समाजातीलच माणसांना शिकवून आरोग्यसेवक करायचे.

थायलंडमध्ये सरकारी रुग्णालये चांगली आहेत. स्थलांतरितांसाठी 2001 पासून आरोग्य विम्याची योजनाही आहे. मग अशा दवाखान्याची गरज का? कारण विम्याचे कार्ड प्रत्यक्षात मजुराच्या नोंदणीशी जोडलेले असते. हंगामी मजुराची नोंदणी अनेकदा नसते किंवा तिची मुदत संपलेली असते. रुग्णालयाच्या वाटेवर तपासणी नाका लागतो आणि पकडले गेलो तर परत पाठवतील, ही धास्ती असते. भाषेची अडचण असते, शिवाय एका दिवसाचा रोज बुडतो. मग ताप आला की आधी दुकानातून दोन-चार गोळ्या घेतल्या जातात. दवाखाना गाठेपर्यंत काही दिवस उलटलेले असतात.

मलेरियाच्या बाबतीत हाच उशीर घातक ठरतो. फॅल्सिपेरम जातीच्या परजीवीची डासांमार्फत पसरणारी रूपे रक्तात साधारण दहा दिवसांनी दिसू लागतात. त्याआधी योग्य औषध मिळाले तर रुग्ण वाचतोच, शिवाय त्याच्यापासून पुढे होणारा प्रसारही बराच थांबतो. अर्धवट घेतलेल्या किंवा बनावट गोळ्यांमुळे मात्र औषधाला न जुमानणारे परजीवी टिकून राहतात. ही भीती काल्पनिक नाही. क्लोरोक्विनला दाद न देणारा मलेरिया 1950 च्या दशकाच्या अखेरीस थायलंड-कंबोडिया सीमेवर दिसला आणि पुढे आफ्रिकेपर्यंत पोहोचला. सध्याचे मुख्य औषध आर्टेमिसिनिन. त्याचा परिणाम मंदावल्याचे आधी पश्चिम कंबोडियात आणि नंतर थायलंड-म्यानमार सीमेवरही आढळले.

व्हायवॅक्स जातीचा मलेरिया वेगळ्या कारणाने त्रास देतो. त्याचे काही परजीवी यकृतात सुप्त राहतात आणि आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. त्यांना मारण्यासाठी प्रिमाक्विनचा कोर्स सहसा 14 दिवस घ्यावा लागतो. रक्तातील ‘जी-6-पीडी’ हे विकर कमी असेल तर या गोळीने तांबड्या पेशी फुटू शकतात. म्हणून आधी तपासणी हवी आणि गर्भवतींना ती देता येत नाही. पुढच्या आठवड्यात कोणत्या शेतावर असू, हे ज्याला ठाऊक नाही, त्याने हा कोर्स पुरा करणे सोपे नाही.

त्यावरचा उपाय मोठ्या इमारतीत सापडला नाही. या सीमेवर 1986 पासून काम करणाऱ्या शोक्लो मलेरिया संशोधन केंद्राने निर्वासितांच्या छावण्यांत गर्भवतींची दर आठवड्याला रक्ततपासणी सुरू केली. तेथे मलेरियाने होणारे मातामृत्यू झपाट्याने घटले. पुढे 2014 पासून म्यानमारच्या करेन भागात हजाराहून अधिक गावांत मलेरिया केंद्रे उघडली गेली. केंद्र म्हणजे गावातलाच एक प्रशिक्षित माणूस, बोटातून रक्ताचा थेंब घेऊन काही मिनिटांत निदान करणारी पट्टी आणि गोळ्या. औषध घराजवळ, फुकट आणि कागदपत्रे न विचारता मिळू लागले. त्या भागातला फॅल्सिपेरम मलेरिया वेगाने ओसरला. औषधांना प्रतिकार असतानाही हे घडले, कारण उपचार वेळेवर होत होते.

ही घडी मात्र नाजूक असते. फेब्रुवारी 2021 मध्ये म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता बळकावली. अनेक डॉक्टर-परिचारिका निषेध म्हणून सरकारी रुग्णालयांतून बाहेर पडल्या, लढाई पेटली आणि हजारो लोक पुन्हा नदीकाठी आले. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत थायलंडमधले मलेरियाचे रुग्ण वाढले. त्यांत सर्वाधिक होते माए सोत ज्या ताक प्रांतात आहे तेथले. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि सीमेवरील निर्वासित छावण्यांतले दवाखाने बंद करावे लागले. पैसे नसलेल्या रुग्णाचा खर्च माए सोतच्या सरकारी रुग्णालयाला आधीही स्वतःच सोसावा लागत होता.

परक्या देशाच्या माणसावर आपला पैसा का खर्च करायचा, हा प्रश्न अशा वेळी हमखास विचारला जातो. दयाबुद्धी हे त्याचे एक उत्तर झाले. दुसरे उत्तर रोख हिशेबाचे आहे. नाक्यावर माणूस अडवता येतो, डास अडवता येत नाही. भीतीपोटी ताप लपवणारा मजूर ज्या वस्तीत झोपतो, तिच्या शेजारीच थाई कुटुंबेही राहतात. त्याला पहिल्या दिवशी दिलेल्या गोळ्या त्या शेजाऱ्यांचेही रक्षण करतात आणि पुढची महागडी भरती टाळतात.