पाण्याखाली उभं जंगल

कझाकस्तानातल्या एका तळ्यात शंभर वर्षांहून जास्त काळ झाडं बुडून उभी आहेत आणि जगभरचे डायव्हर ती बघायला जातात. असंच एक जंगल आपल्या सातपुड्यातही बुडालंय. मग तिथेही बुडी मारायची का?

लांबून बघितलं तर वाटतं, कुणीतरी गलबतांचा अख्खा ताफा या तळ्यात बुडवलाय आणि नुसत्या डोलकाठ्या वर राहिल्यात. हिरवट निळं पाणी आणि त्यातून वर आलेले पांढुरके, सरळसोट बुंधे. ना फांदी, ना पान. हे आहे कझाकस्तानातलं काइंडी तळं. समुद्रसपाटीपासून साधारण २००० मीटर उंचीवर, अल्माटी शहरापासून गाडीनं काही तासांवर. १९११ साली जानेवारीत या भागात मोठा भूकंप झाला. चुनखडीचा डोंगर खचून दरीत आला, दरीचं तोंड बंद झालं आणि मागे पाणी साठत गेलं. दरीत स्प्रूसचं जंगल होतं, देवदाराच्या कुळातलं. ते पडलं नाही, वाहून गेलं नाही. उभ्या उभ्या बुडालं!

जेमतेम ४०० मीटर लांबीचं हे तळं, पण खोली ३० मीटरच्या आसपास. म्हणजे आठ-नऊ मजली बिल्डिंग आरामात आत मावेल. माझा एक शाळासोबती आहे, मूळचा जळगावचा, सध्या हिंजवडीत कोडिंग करतो. गेल्या वर्षी तो तिथे स्कूबा करून आला. "वर नुसती ठुंठं, आणि खाली बघतो तर काय, अख्खी ख्रिसमस ट्री! फांद्या शाबूत, कितीतरी ठिकाणी सुया पण तशाच," हे सांगताना त्याचे डोळे अजून चमकतात. जंगलात आपण झाडाच्या बुंध्याशी उभं राहून मान वर करतो. इथे सगळं उलट. शेंड्यापासून सुरुवात करायची आणि फांदी-फांदीनं मुळाकडे उतरत जायचं.

फोटो दाखवून झाल्यावर त्यानं सुस्कारा टाकला, "आपल्याकडे असं काही नाही ना यार!"

आहे की. तेही आपल्याच खान्देशात. पण त्याकडे वळण्याआधी काइंडीचं गुपित समजून घेऊ.

लाकूड कुजत का नाही?

लाकूड पाण्यात कुजतं असं आपण धरून चालतो. खरं तर पाणी लाकूड खात नाही, बुरशी आणि जिवाणू खातात. लाकडाला ताठ ठेवणारं लिग्निन पचवणाऱ्या बुरशीला ऑक्सिजन लागतो, शिवाय थोडी ऊबही. काइंडीचं पाणी ऐन उन्हाळ्यातही साधारण ६ अंशांच्या वर जात नाही. म्हणजे आपल्या फ्रिजमधल्या बाटलीइतकं गार. पाण्यात ऑक्सिजन हवेच्या मानानं नगण्य. त्यामुळे बुरशीचं काम ठप्प आणि झाड जसंच्या तसं. पाण्याबाहेर राहिलेल्या शेंड्यांना मात्र ऊन, वारा, बर्फ सगळं भेटलं, म्हणून ते बोडके झाले.

मे महिन्यात जळगाव ४५ अंशांवर भाजत असताना '६ अंशांचं पाणी' हे शब्दच किती गोड वाटतात! पण या गारव्यात ओला वेटसूट पुरत नाही, अंग कोरडं ठेवणारा ड्रायसूट लागतो. श्वासाचा रेग्युलेटरही थंडीनं गोठू शकतो. एकदा गोठला की हवा भसाभसा वाहून जाते, सिलिंडर बघता बघता रिकामा.

आणखी एक भानगड उंचीची. समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या वर केलेलं डायव्हिंग म्हणजे 'आल्टिट्यूड डायव्हिंग', आणि त्याचे नियम वेगळे. २००० मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या ७८ टक्क्यांच्या आसपास असतो. खोल गेल्यावर रक्तात विरघळलेला नायट्रोजन वर येताना सावकाश बाहेर पडायला हवा. घाईत वर आलात तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे होतात. वरची हवाच विरळ असली की हा धोका वाढतो. त्यामुळे काइंडीत १८ मीटर खोल गेलात, तर हिशोब समुद्रातल्या सुमारे २३ मीटरचा धरायचा. डोंगरावर पोहोचल्या पोहोचल्या पाण्यात उडी नाही, आणि डाइव्ह आटोपल्यावर लगेच आणखी उंच घाट चढणंही नाही. शिवाय पाणी गोडं. समुद्राइतकं ते आपल्याला उचलून धरत नाही, म्हणून कमरेचं शिसं कमी करावं लागतं. फांद्यांत नळी किंवा पट्टा अडकण्याची भीती असते ती वेगळीच.

मित्राच्या या सगळ्या खर्चाचा आकडा मी धुळ्याला घरी सांगितला. आजीनं एका वाक्यात निकाल लावला, "पैसा दिसन बुडाले जास का?" पैसे देऊन बुडायला जातेस का! पाठीला सुका भोपळा बांधून शेतातल्या विहिरीत फुकट पोहायला शिकलेली पिढी ती. तिचं काय चुकलं?

आपलं बुडालेलं जंगल

आता आपल्या जंगलाकडे. धुळ्याहून शहादा, तिथून घाट चढून धडगाव आणि मग खाली नर्मदेकडे. १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा जिल्हा झाला, तोपर्यंत हे सगळं धुळे जिल्ह्यातच होतं. अक्राणी आणि अक्कलकुवा या दोन तालुक्यांच्या उत्तर टोकाला नर्मदा वाहायची. आता तिथे सरदार सरोवराचं पाणी आहे. दोन्ही बाजूंना सातपुडा आणि विंध्य, मधे मैलोन्‌मैल पसरलेला निळा-करडा जलाशय. पहिल्यांदा बघणारा सहज म्हणेल, वॉव, काय लेक आहे!

हा 'लेक' महाराष्ट्रातल्या ३३ गावांवर पसरलाय. अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली हे त्यातलं पहिलं. तिथलं शूलपाणेश्वराचं जुनं देऊळही १९९०च्या दशकात पाण्याखाली गेलं. धरणाची उंची टप्प्याटप्प्यानं वाढत गेली आणि प्रत्येक टप्प्याला पाणी डोंगराची एकेक पायरी चढलं. २०१७ मध्ये दरवाजे बंद झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय पहिल्यांदा १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरला. या पाण्यावर गुजरातची शेती आणि शहरं चालतात, थेट राजस्थानापर्यंत कालवा जातो, हे खरंच आहे. आणि ते पाणी साठायला जागा करून दिली ती भिल्ल आणि पावरा माणसांच्या गावांनी, शेतांनी आणि जंगलानं, हेही तितकंच खरं.

मी गेले तेव्हा पाणी उतरलेलं होतं. आमची बोट काठाजवळून चालली होती आणि पाण्यातून काळे पडलेले बुंधे वर आले होते. कुठे सागाचे, कुठे ताडाचे. काइंडीच्या फोटोशी इतकं साम्य की मोबाइल आपोआप हातात आला. तेवढ्यात नावाड्या दादांनी इंजिन मंद केलं. पाण्याखाली मोहाची मोठी झाडं आहेत, म्हणाले, बोटीचा तळ घासतो. मग त्यांनी हातानं पाण्यावरच नकाशा काढून दाखवला. इथे आमचं घर, तिथे काकांचं शेत, त्या पलीकडे आंबा, अन् हा मोह आजोबांच्या वाटणीचा. सातपुड्यात मोहाच्या झाडाला मालक असतो आणि त्याची फुलं वेचायचा हक्क घराण्यात चालत येतो, हे तोपर्यंत माझ्या गावीही नव्हतं. फुलं खायला, विकायला, दारूला. बियांचं तेल. पाहुण्याला दाखवायची ऐपतही तीच. मी फोटो काढला, पण 'कूल' हा शब्द काही तोंडातून निघाला नाही.

काइंडीत भूकंपानं जंगल बुडवलं. तिथे कुणाला विचारायचा प्रश्नच नव्हता. इथे पाणी किती मीटरपर्यंत चढणार हे आधी कागदावर ठरलं. दोन्हीकडचे बुंधे सारखेच दिसतात, पण दोघांकडे बघायची नजर एकच असून कशी चालेल?

मग इथे डाइव्ह का नको?

सरळ कारणं आधी. पाणी गढूळ. पावसाळ्यात डोंगरावरची माती थेट जलाशयात येते आणि पुढे कितीतरी दिवस खाली काही दिसत नाही. पाण्याची पातळी दर वर्षी खालीवर होते, त्यामुळे मधल्या पट्ट्यातली झाडं कधी ओली, कधी कोरडी. लाकूड कुजायला याहून चांगली सोय नाही. अशी कुजकी फांदी पाण्यात कधी मोडेल सांगता येत नाही. शिवाय मासेमारीची जाळी पसरलेली. आणि मगरी! नर्मदामाईचं वाहनच मगर आहे, आणि ते नुसतं चित्रातलं वाहन नव्हे.

खान्देशात अशा आंधळ्या पाण्यात उतरणारे लोक आहेत, पण ते छंद म्हणून उतरत नाहीत. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची, म्हणजे एसडीआरएफची एक तुकडी धुळ्यात असते. कुठे कुणी बुडालं की फोन त्यांना जातो. २३ मे २०२४ ला अकोले तालुक्यात सुगाव इथे प्रवरेत बुडालेल्या तरुणाचा शोध घेताना त्यांची बोट उलटली आणि या तुकडीचे तीन जवान गेले. गोडं पाणी वरून किती शांत दिसतं, यावर कधीही विश्वास ठेवू नका.

आणि दुसरं कारण माणसांचं. जलाशयाकाठी वर सरकून माणसं अजून राहताहेत. कितीतरी पाड्यांना पाणी हाच रस्ता आहे. २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या काळात चिमलखेडीची एक अंगणवाडी सेविका स्वतः होडी वल्हवत पाड्यांवर जायची, बाळांची वजनं करायला. जाऊन-येऊन १८ किलोमीटर. आपल्यासाठी जे 'वॉटर स्पोर्ट्स' आहे, ते तिचं ऑफिसला जाणं होतं.

धरणाच्या गुजरातकडच्या अंगाला, २०१८ मध्ये उभ्या राहिलेल्या १८२ मीटरच्या पुतळ्याभोवती पर्यटनाचा मोठा थाट आहे. उद्या तो वरच्या अंगालाही सरकेल. सरकू दे, हरकत नाही. पण बोटीचं सुकाणू, मुक्कामाची खोली, जेवणाचं ताट आणि 'इथे बुडी नको' म्हणायचा हक्क या गावांच्या हातात हवा. आजोबांचा मोह ज्याच्या पाण्याखाली आहे, त्यानं तिकीट फाडणाऱ्या दुसऱ्या कुणाकडे पाणी विकत मागावं, असं व्हायला नको. माझ्या कोडिंगवाल्या मित्राला मी हेच सांगितलं. तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "टँक नको, पण बोटीनं तर जाऊ." आता पुढच्या हिवाळ्याचा बेत ठरलाय.

जायचंय? मग हे वाचा

शिकायचं कुठे? सुरुवात आपल्या कोकणात. मालवणजवळ तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. फोटोपुरतं एकदा पाण्यात जाणं वेगळं आणि सर्टिफिकेट कोर्स वेगळा, हे बुकिंग करतानाच विचारून घ्या.

काइंडीला कधी? नुसतं तळं बघायचं तर उन्हाळा ते शरद. डाइव्ह करायची तर गाठीशी समुद्रातला अनुभव, ड्रायसूट आणि आल्टिट्यूड डायव्हिंगचं वेगळं प्रशिक्षण हवं. पहिलीवहिली डाइव्ह तिथे मुळीच नको.

व्हिसा? २०२२ पासून भारतीयांना कझाकस्तानात १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. निघण्याआधी नियम पुन्हा तपासा.

सातपुड्यात? हिवाळ्यात जा. धडगावला चौकशी करून स्थानिक बोटच घ्या, लाइफ जॅकेट घातल्याशिवाय पाय टाकू नका, पाण्यात उतरू नका. फोटो काढण्याआधी विचारा. आणि नावाड्या दादांना एवढा एक प्रश्न नक्की विचारा, "दादा, इथे खाली काय होतं?"